कोपराच्या आत एक थेंब

डॉक्टर लांजेवारांनी पाठीवर सोळा चौकोन चिकटवले
आणि म्हणाले, दोन दिवस आंघोळ नाही.
मे महिन्यात. नागपुरात.
मी त्यांच्याकडे असं पाहिलं
की तेच उठून कूलरचं तोंड माझ्याकडे वळवायला लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाठ वाचून दाखवली:
देवदार, लाल.
चीड, लाल.
चंदन... इथे ते जरा थांबले. चंदनसुद्धा.
"पण चंदन तर थंड असते ना, डॉक्टर?"
"असेल. तुमच्या पाठीला ते कुणी सांगितलं नाही."

हेमराज लकडगंजात आरामशीनवर जातो.
इतकी वर्षं त्याच्या कानामागे नाक नेलं
की मला कळायचं, आज काय चिरलं.
साग असला तर जुन्या चपलेच्या दुकानासारखा,
देवदार असला तर घरात देऊळ शिरल्यासारखं.
त्याच देवळाची बाटली त्यानं आणली वाढदिवसाला,
करंगळीएवढी, तपकिरी, साडेतीनशेची.
मी शहाणी. कशात न मिसळता तशीच मानेला चोळली.

रात्री मान पेटली.
"काहून खाजवून राहिली?"
डास, मी म्हटलं.
आठ दिवस मी डासच म्हणत राहिले.

आता तो अंगणातल्या नळावर धुऊन मग आत येतो,
शर्ट बाहेरच्या दोरीवर,
स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा.
बाटली त्यानं कुठे नेली, मी विचारलं नाही.

इतवारीत हाफीजभाईंनी अत्तरं मागे सारली.
"ताई, तुम्हाला लाकूड नको. खस न्या.
गवताची मुळं आहेत. अर्क नाही, नुसती मुळं.
कूलरच्या ताट्या बदला, रात्री पदर ओला करून माना पुसा."
आणि संत्र्याची साल?
"तिच्यातही तेलच असते, बाप्पा. सबुरीनं."

तर सबुरी.
घाण्याचं तिळाचं तेल, बिनवासाचं असावं तेवढं बिनवासाचं,
कोपराच्या आत एक थेंब,
आणि उद्यापर्यंत वाट.
नैसर्गिक म्हणजे मायाळू, हे कुणी पसरवलं कोण जाणे.
खाजकुयलीही रानातच उगवते.

रात्री नव्या ताट्यांमधून ओल्या मातीसारखी हवा आली.
हेमराज पलीकडच्या कडेला झोपलेला,
साबणाचा, फक्त साबणाचा.
मला रडू आलं ते खाजेचं नव्हतं.

त्याच्या कानामागे पिवळा भुसा राहून गेला होता.
सागाचा.
सोळा चौकोनांत साग नव्हता, डॉक्टर विसरले असतील.
मी त्यांना आठवण करणार नाही.
कोपर पाहिलं, स्वच्छ होतं.
मग वाकले
आणि हळूच श्वास घेतला.