चौथा भाग

टॉडमॉर्डनला पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन
आणि दिवे लागलेले.
कालव्यापासून चाळीस पायऱ्या चढून ऑर्मरॉडचं घर.
दोन खोल्या खाली, दोन वर,
तिकीट सहा पौंड, मला माफ.
मी पियानो बघायला आले होते.

मिसेस क्रॅब्ट्री, विश्वस्त, गुडघ्याला पट्टा,
म्हणाल्या, "मधली एक पट्टी उठत नाही.
ते गेले तेव्हापासून."
जणू ती अजून सुतकात होती.

बाकी सगळं भिंतीवर लिहिलेलं आहे.
नवव्या वर्षी गिरणीत, चालत्या मागांखाली सरपटत
तुटकं सूत गोळा करणारा पोरगा.
डावा कान तिथेच गेला.
उजव्यानं रविवारी चॅपलचा ऑर्गन ऐकला,
मग लंडन, पदक, मिशांना मेण,
आणि परत याच पायऱ्या.
सात सिम्फन्या. आठवीचे तीन भाग.
चौथा लिहून झालाय, असं हेस्टर शेवटपर्यंत सांगायची.
हेस्टर म्हणजे बायको. तिनं अंडी विकून शाई आणली
हे भिंतीवर नाही.

नव्वद वर्षं लोक चौथा भाग शोधताहेत.
लीड्सच्या एका प्राध्यापकानं तर सिद्ध केलंय
की तो नव्हताच,
शांतता हाच चौथा भाग.
चारशे पानं. बाहेर पडताना दुकानात मिळतात.

मी पट्ट्या उचलल्या.
धूळ, एक टाचणी, एक पेनी,
आणि मागे, तारांच्या आडोशाला,
घरटं.

मिरजेला आमच्या कारखान्यात भोपळे आढ्याला टांगलेले असत.
अप्पा म्हणायचे, उंदराला जवारी कळत नाही,
सुकलेला भोपळा मात्र बरोबर कळतो.
एकदा एका तंबोऱ्यात सात पिल्लं निघाली,
गुलाबी, डोळे मिटलेली.
गिऱ्हाईक पुण्याचं, दारात उभं.
खुंट्या यायच्यात, म्हणाले अप्पा,
महिना लागेल.

घरटं कागदाचं होतं.
शितांएवढे तुकडे, कापसासारखे पिंजलेले,
मध्ये हातोड्यांचा चोरलेला नमदा.
चिमट्यानं एक उचलला.
पाच रेघा, त्यावर एक काळं टिंब,
दांडी कुरतडलेली.
दुसऱ्यावर त्याच्याच अक्षरात 'सावकाश', अर्धं.
तिसऱ्यावर नुसते दात.

त्या हिवाळ्यात कालवा गोठला होता,
हे भिंतीवर आहे.
वरच्या खोलीत तो खोकत असणार,
आणि इथे खाली, अंधारात, कुणीतरी एकेक पान ओढून
आपल्या लेकरांखाली अंथरत असणार.
मागाखालच्या पोराचं शेवटचं विणकाम.
ऊब पुरली असेल का?
पिल्लांचं काही दिसलं नाही. म्हणजे गेली असतील, मोठी होऊन.

पट्टी दाबून पाहिली.
उठली.

मिसेस क्रॅब्ट्री चहा घेऊन आल्या.
"सापडलं काही?"
मी झाकण लावलं.
नमदा मागवावा लागेल, म्हटलं,
महिना लागेल.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "साखर किती?"