छाट

तंबाखूच्या जुन्या वखारीवर आमचा वर्ग.
निपाणीत अशा वखारी पुष्कळ; या एकीला
वरच्या मजल्यावर बेसिन आणि सहा मायक्रोस्कोप मिळाले.
खाली आता कुणी पोती रचत नाही,
तरी दुपारी पत्रा तापला की भिंतींतून झोंब येते.
हिरेमठ सर म्हणतात, रुमाल बांधा,
स्लाइडवर धूळ बसली तर तीच मोजत बसाल.

पहिला महिना नुसता दंडांचा.
रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा,
एकमेकींचे कोपर उताणे.
तहसीनची शीर बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही.
माझी दिसते, पण सुई पाहून सरकते.
तीनदा चुकली ती. चौथ्यांदा
माझ्याआधी तिनंच डोळे मिटले
आणि सुई बरोबर शिरली.

मग सरकारी दवाखाना.
पाठ केलेलं एकच वाक्य होतं: मूठ आवळा.
समोर गळतग्याची निंगव्वा, नुसती बघत राहिली.
मागून तहसीन म्हणाली,
मुष्टी हिडीरी, स्वल्प चुच्चतैत्री.
निंगव्वानं मूठ धरली, वर मलाच विचारलं,
ऊट झालं काय गं?
बारा तासांची उपाशी तीच होती.

सर सुईला घाबरत नाहीत, लेबलाला घाबरतात.
चिठ्ठी कन्नडात, नळीवर नाव इंग्रजीत,
हाक मराठीत.
मधे एक अक्षर सांडलं
की एकाची कावीळ दुसऱ्याच्या घरी जाते.

मोजणी मात्र मला आवडते.
लिशमनचा जांभळा रंग, पाण्याची बारीक धार, तेलाचा थेंब,
डोळा टेकवला की आत सगळं निवांत.
पेशी ओळखायची, तिचं बटण दाबायचं.
शंभर झाल्या की यंत्र घंटी वाजवतं.
आई पंचवीस विड्यांचा कट्टा बांधते,
तिला घंटी लागत नाही,
बोटं आपोआप दोऱ्याकडे वळतात.
मी तिचीच.
चौऱ्याण्णवच्या पुढं माझंही बोट हळू होतं.

गुरुवारी तिलाच घेऊन आले.
सरावाला माणसं कमी पडताहेत म्हणाले.
दोन महिन्यांच्या खोकल्याचं नाव काढलं नाही.
तिनंही नाही.
इतका वेळ तिचा हात मी कधी धरला नव्हता.
टोकांना पानाचा डाग, नखात दोऱ्याचा रेघोटा.
शीर पहिल्याच फटक्यात.
जमतंय की तुला, ती म्हणाली,
शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू जाईल असं.

साहलीच्या नळीत तिचं रक्त तपकिरी झालं.
थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवायचा असतो.
लवकर जुळला.
फार लवकर.
आठ पॉइंट दोन.

आणि स्लाइडवर नारिंगी दाण्यांच्या पेशी,
एक, मधे दोन वेगळ्या, परत तीच.
इओसिनोफिलच्या बटणावरून बोट उठेना.
घंटी वाजली तेव्हा एकोणीस.
पुन्हा मोजल्या. एकवीस.
सरांनी खांद्यावरून पाहिलं.
आपण आकडा लिहायचा, म्हणाले,
अर्थ डॉक्टर लिहितात.
मी आकडा लिहिला. सुवाच्य.

संध्याकाळी सूप, कट्टे, चेकरपुढची रांग.
तो एकेक कट्टा उलगडतो,
सैल, वाकडी, फुटक्या पानाची
बघता बघता बाजूला.
हजारात सत्तर छाट.
आई काही बोलत नाही. कधीच बोलली नाही.

घरी येताना चढावर थांबली, खोकली.
रक्ताचं काय आलं?
सोमवारी डॉक्टर सांगतील.
हसली. पदरानं तोंड पुसलं.
ते सांगू देत गं. तू मोजलंस न्हवं?
छाट किती निघाली, तेवढं सांग.

पिशवी मी या हातातून त्या हातात घेतली.
बंदावर माझं बोट
त्याच एका बटणासारखं
दाबत राहिलं.