तेलाचा तिसरा हात

वावधनात दवाखान्याच्या आवारातला कडुनिंब पडला.
खोड लिलावात गेलं, फांद्या चुलीत,
आणि मांडीएवढा जाड एक ओंडका
कुणीच उचलला नाही म्हणून माझ्याकडे आला.

सुरतेला, पुतण्याच्या लग्नात, एका हॉटेलच्या दाराशी
तसला उभा पाहिला होता :
गुडघ्यांच्या वर सगळं तोंडच,
कुठल्याशा बेटावरचा. टिकी म्हणतात, पुतण्या म्हणाला.
कोकिळा म्हणाली, टिकी तर बटाट्याची असते.

एकवीस वर्षं झाली, मी सावद्याला जनावरांचा ड्रेसर.
खूर तासणं हाताला ठाऊक :
मेलेलं किती, जिवंत कुठून सुरू.
चाकू कुठे थांबवायचा ते बैल सांगतो.
लाकूड काही सांगत नाही.
रेषेच्या उलट गेलात की ढलपीच हातात येते.
पहिल्याच दिवशी नाक गेलं.
मग ठरवलं,
याला नाक आखूडच.

निसारभाईनं जीपच्या पाट्याच्या
दोन पटाश्या करून दिल्या, एक सपाट, एक गोल.
पैसे घेतले नाहीत.
त्याच्या बकरीचं आडवं आलेलं पिल्लू
मी रात्री दोनला, बॅटरी दातात धरून, सोडवलं होतं.

मे महिन्यात मात्र काहीच चालत नाही.
ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना मेण थापलं,
ओलं पोतं गुंडाळलं, न्हाणीमागे ठेवला,
जिथे मांजरही दुपारचं जाऊन पडतं.
तरी एकदा, सगळी गल्ली पंख्याखाली निजलेली असताना
कुणी टाळी वाजवावी तसा आवाज झाला.
डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत भेग.
रुपयाचं नाणं उभं मावेल एवढी.
मांजर तेवढं उठून गेलं.

भुसा आणि फेविकॉल कालवून भरली.
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग दीडशेचा, मग तीनशेवीसचा,
बोटांचे ठसे गेले असतील त्यात.
श्रावणात लाकूड फुगलं, भेग मिटत आली
आणि भरलेलं सगळं बाहेर ढकललं तिनं,
लहान पोरानं नको तो घास जिभेनं सारावा तसं.
पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडली.
मी पुन्हा भरली.
त्याच्या पुढच्या मेमध्ये
फेविकॉलचा डबा आणलाच नाही.

दात मात्र जमले.
दात बघून वय सांगणं हे तर माझं रोजचंच.
चार कोरले. चार दाती.
म्हणजे हा तीन वर्षांचा,
आणि मोजून बघितलं तर कामालाही तेवढीच झाली होती.

केळीच्या ट्रॅक्टरवरचा एक पोरगा पाणी प्यायला थांबला.
हा कोनता देव हाये?
देव नाही रे.
मंग भूत?
भूतही नाही.
तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, पेला हातातच.
मंग याले लागते काय?
तेल, म्हटलं. जवसाचं.
हे त्याला पटलं.

पहिला हात त्यानं पाहता पाहता पिऊन टाकला,
उन्हातून आलेल्या माणसासारखा.
दुसरा दोन दिवस अंगावर राहिला,
आणि गाठीजवळच्या रेषा वर आल्या,
इतकी वर्षं दवाखान्याच्या दारात उभा होता कडुनिंब,
या कुणी पाहिल्या नव्हत्या.
तिसरा हात पोळ्याच्या आधी द्यायचा होता.

तर त्या सकाळी तोंडात, वरच्या दातांच्या मागे,
बोराएवढं मातीचं बुडकुलं.
दुपारी दुसरं.
कुंभारीण हिरवी अळी पोटाशी धरून येते,
भेगेवर जरा टेकते,
चार दातांतून वाकडी होऊन आत शिरते.
माझ्या पटाशीला जिथे वळता आलं नव्हतं
तिथे ती वळते.

कोकिळा म्हणाली, झटकून टाका, केरसुणी आणू का?
मी बाकीच्या अंगाला तेल लावलं.
पाठ, गुडघे, आखूड नाक,
कपाळावरच्या तीन खोबणी.
ओठांपाशी येऊन थांबलो,
खुरात जिथे थांबतो तसा.

पोळा झाला. गणपती बसले, उठले.
ब्रश रॉकेलच्या डब्यात आहे.
बाटलीत दोन बोटं तेल उरलंय,
वरून साय धरलीय त्यावर.
येता-जाता कोकिळा विचारते, झाला का तुमचा?
तोंड राहिलंय, म्हणतो.