कुर्लीचं बीळ

ज्युलियाना टीचर रायबंदरच्या फेरीने आल्या,
तासाला वीस मिनिटं उशिरा,
छत्रीच्या खोळीत गुंडाळलेला तक्ता घेऊन.
पंखा तो तक्ता फळ्यावर टिकू देईना.
मग त्यांनी तो बाकावर ठेवला
आणि नववी ब-ला विचारलं,
गेल्या महिन्यात तुमच्यातलं कोण बदललं?

व्हॅलेंटने केस कापले, कुणीतरी म्हणालं.
सगळे हसले. मीही.
प्रज्योत तेव्हा कंपासच्या टोकाने
बाकाच्या लाकडात एक तारीख कोरत होता.

टीचर म्हणाल्या, हे सांगणं म्हणजे चुगली नव्हे.
चुगली करताना तोंडाला चव येते.
हे सांगताना तोंड कोरडं पडतं.

माझं पडलं होतं.
कारण त्याच्या गऱ्यांचा डबा,
ज्याला तीन वर्षं त्याने मला बोट लावू दिलं नव्हतं,
तो त्याने सोमवारी माझ्या दप्तरात टाकला. राहू दे, म्हणाला.
फुटबॉलला येणं त्याने चतुर्थीनंतर सोडलं.
डबा खायचा पाण्याच्या टाकीमागे, एकटाच,
तळ्यावर पोरांनी त्याची चड्डी पळवली
तो व्हिडिओ ग्रुपवर फिरला तेव्हापासून.
एकोणतीस जणांनी बघितला.
त्याखाली हसणारा एक पिवळा चेहरा
माझाही आहे.

आणि बुधवारी, सायकलला कुलूप लावता लावता,
माझ्याकडे न बघता:
"शुक्रारा शाळेंत येवं नाका तूं."

आमचे बाबा मानशीवर असतात.
ओहोटीला रात्री बॅटरी घेऊन बांधावरून चालतात,
बघत काय, तर कुर्लीची बिळं.
बोटभर भोक. त्यातून खारं पाणी शेतात जातं
त्याचा आवाजसुद्धा होत नाही.
बाबा चिखल भरतात, टाचेने दाबतात, पुढे जातात.
एवढ्याशा भोकाला काय होतं, मी एकदा विचारलं.
ते म्हणाले, हात घाल.
घातला.
आत गार होतं, आणि काहीतरी
माझी बोटं हळूहळू आत ओढत होतं.

गुरुवारी टीचर पुन्हा आल्या होत्या, दहावीसाठी.
संध्याकाळी मी धक्क्यावर गेले.
फेरीची फळी खाली आली होती,
स्कूटरी चढत होत्या, शिट्टी वाजली.
मी सगळं उलटसुलट सांगितलं,
आधी तारीख, मग गऱ्या, मग माझा पिवळा चेहरा.
टीचरनी फेरी सोडली.
दुसरीही सोडली.
म्हणाल्या, परत सांग, सावकाश.

रात्री त्याच्या घरी कोण कोण गेलं
ते मला नंतर कळलं: हेडसर, टीचर, वाळपयहून आलेला मामा.
गादीखाली नारळ सोलायची कोयती होती,
गोणपाटात गुंडाळलेली, नवी धार लावलेली.
मामाने ती उचलली नाही म्हणे,
आधी त्याच्या शेजारी जाऊन बसला.

शुक्रवारी शाळेत गणिताची चाचणी झाली.
मला अकरा मार्क पडले.
घंटा वेळेवर वाजली, नळाला पाणी नव्हतं,
व्हॅलेंटचा डबा मांजराने खाल्ला.
व्हिडिओवाल्यांना ऑफिसात बोलावलं, आणि मलाही,
त्या पिवळ्या चेहऱ्यासाठी.
ते मला बरंच वाटलं.

प्रज्योत दिवाळीनंतर परत आला.
आठवड्यातून एकदा टीचरकडे जातो.
माझ्याशी बोलत नाही.
तू सांगितलंस, एवढंच एकदा म्हणाला,
तो प्रश्न होता की शिवी, मला अजून कळलेलं नाही.
गऱ्यांचा डबा मी त्याच्या बाकावर ठेवला.
दोन दिवस तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी नव्हता.

काल संध्याकाळी मानशीपाशी कुणी उकिडवं बसलं होतं.
बाबांनी बॅटरी मारली, विचारलं, कितें मेळ्ळें?
दोन काळुंदरां, तो म्हणाला.
मग थोड्या वेळाने, पाण्याकडेच बघत:
"काका, हांगा एक बीळ आसा."