खाट नंबर अकरा

धवळू भोये, पेठच्या पुढचा पाडा.
केसपेपरवर वय : अंदाजे साठ.
सकाळच्या राऊंडला आम्ही चौदा जण
पाळीपाळीने त्याच्या छातीला नळी लावायचो.
सर विचारायचे, "आली ऐकू मर्मर?"
आम्ही खोट्याच माना हलवायचो.

एकदा त्यानेच माझा हात धरून
बोटभर खाली सरकवला.
"अठं ऐक, बाई. सगळं अठंच थांबतात."
आणि ऐकू आलं :
नागली दळणाऱ्या जात्यासारखं,
लांबचं, घरघरतं.

आता वॉर्डात नवी फरशी आहे,
लिफ्ट आहे, चालू असते कधीकधी.
मी शिकवते नाशकात, त्याच मजल्यावर.
पोरांचे हात धरून बोटभर खाली नेते.
ती विचारतात,
मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?

अकरा नंबर कुणीतरी
खिडकीशी सरकवलाय.