नळ आले

सीताबर्डीत, चपलांच्या दुकानावरल्या क्लासमध्ये
ढोबळे सरांनी फळ्यावर लिहिलं : सक्सीड.
अर्थ दोन सांगा.
मी एकच सांगितला, यशस्वी होणे.
दुसरा कोणालाच आला नाही.
मे महिना, कूलर वह्यांवर पाणी उडवत होता.

"एखाद्याच्या मागून त्याच्या जागी येणे," सर म्हणाले,
"राजा गेला, युवराज आला.
मूळ तर आणखीच वेगळं. लॅटिनात
सब म्हणजे खाली, केडेरे म्हणजे जाणं.
लिहून घ्या, परीक्षेत येते."

परीक्षेआधी महापालिकेचं पत्र आलं.
कै. हिवराज गजभिये, व्हॉल्व्हमन, यांच्या जागी
कु. प्रणोती हिवराज गजभिये,
अनुकंपा तत्त्वावर.
आई म्हणाली, कैलासवासी कशाला,
कालकथित लिहा म्हणावं त्यायले.

शेजारच्या ढोकबाईंनी पेढे वाटले :
पोरीनं नाव काढलं!
हजेरीपटातून बाबांचं नावही
त्याच दिवशी काढलं.

पहाटे साडेतीन. जरीपटक्याचा चौक.
मोहनकर काकांनी लोखंडी झाकण सरकवलं, टॉर्च धरला.
"पाय पाहून ठेव पोरी, सहावी पायरी नाही हाय.
तुह्या बापानं सांगतलं नाही काय?"

नव्हतं सांगितलं.
चिखलाचे बूट दारात काढून
ते नुसते झोपायचे, आम्ही शाळेत जायच्या वेळी.

खाली गार होतं, गंजाचा वास होता.
चावीच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
उजव्या हाताला धरायला बरी.
मी डावखुरी.

चोवीस फेरे. अकराव्याला खांदा भरून आला.
विसाव्याला पाइप खोकला,
मग त्याच्या पोटात काहीतरी
लांबून धावत यायला लागलं.
वर कुठेतरी बादली आपटली,
एक बाई गल्लीभर ओरडली :
नळ आले!

मराठीत यशाला क्रियापद नाही, सर.
मी यशले, असं कुणी म्हणत नाही.
यश येतं,
जसे नळ येतात,
आणि कोण खाली उतरलं होतं
हे बादलीला कुठं ठाऊक असतं.

ट्यूब सोडून डाव्या हाताला जमेल अशी
गुंडाळून घे, काका म्हणाले.
हो म्हटलं.
सहा महिने झाले.
अजून सोडली नाही.