मळी

खोक्याचं सील आधीच फुटलेलं.
"दुकानदारानं समदं भरून दिलंय, फुकाट,"
म्हणाले केरबा खाडे, वाकऱ्याचे,
चाळीस हंगाम काहिलीपुढे उभे राहिलेले गुळवे.
मनगटांवर जुने चटके,
आणि तान्हं मूल धरावं तसा दोन्ही हातांत
नातीचा लॅपटॉप.
"तेजल पुण्यास्नं आली की द्यायचाय.
पन ह्यो बसल्या जागी दमतोय, पोरी."

शाहूपुरीत, लोखंडाच्या दुकानावर माझी खोली.
तीन टेबलं, एक खिडकी,
खालून दिवसभर कटरची किंकाळी.

झाकण उघडलं, तर
स्टँडवर उतरताच दहा रिक्षावाल्यांनी
पिशवी ओढावी तसं झालं.
तीस दिवस उरले, म्हणाला न बोलावलेला पहारेकरी.
तीन खेळ. दोन हवामानं:
एकात कोल्हापूर अठ्ठावीस अंश, दुसऱ्यात एकतीस.
एक सफाईवाला, स्वतःच कचरा टाकत फिरणारा.

एकेक नाव धरून काढत गेले.
नक्की काढायचं? हो.
आमचं काय चुकलं, सांगाल? नाही.
निदान एक महिना तरी?
पाहुणा उठतो, चप्पल घालतो,
आणि दारात तासभर उभा राहतो, तसं.

एकदा माझाच हात घसरला.
ओळखीचं वाटलं नाही म्हणून उडवलं,
आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी मेला.
टचपॅडचा ड्रायव्हर होता तो.
केरबा हसले. "चुना जादा पडला व्हय?"
मग स्वतःशीच सांगितल्यागत:
रस तापला की भेंडीचं पाणी सोडायचं,
मळी वर येते, काळी, जाड,
झाऱ्यानं काढली की दुसरी, जरा फिकी.
पण चुना हातानं तोलायचा.
जादा झाला की गूळच काळा पडतो,
"आन् साफ करनाऱ्यानंच घान केली म्हंत्यात बाजारात."

ड्रायव्हर परत आणला.
"झालं," मी म्हटलं.
ते उठले नाहीत. मान तिरकी, कान यंत्राकडे.

"न्हाई झालं. उकळी चुकतीया."

पंखा.
पडद्यावर काहीच चालू नव्हतं
आणि आत पंखा धापा टाकत होता.
चालू कामांची यादी उघडली, पंखा गप्प.
बंद केली, पुन्हा घरघर.
उघडली, गप्प.
बंद, घरघर.
आत कुणीतरी माझी पाठ फिरायची वाट बघत होतं
आणि फिरली की केरबांच्या विजेवर
कुणा अनोळख्याची नाणी पाडत होतं.
त्या फुकट भरून दिलेल्यातलंच कुणी.

मग मी निवडत बसले नाही.
ड्रॉवरमधला निळा पेन ड्राइव्ह काढला.
"सगळंच पुसावं लागेल, अण्णा."
"म्हंजे काहीलच वतायची."
"ओतायची."
ते जरा वेळ बोलले नाहीत.
चाळीस वर्षांत दोनदाच ओतली, म्हणाले.
एकदा पाल पडली होती.
दुसऱ्यांदाचं सांगितलं नाही.

बारा टक्के. एकोणीस.
चौऱ्याऐंशीवर इतका वेळ अडलं
की त्यांनी तंबाखू मळून पुन्हा पुडीत ठेवली.
मग पडदा आला:
एक कचऱ्याची टोपली, तीही रिकामी.
खालचा कटर जेवायला थांबला होता.
केरबांनी कान लावला,
डोळे मिटले,
झाऱ्याला असायचा तसा उजवा हात हवेत थोडा हलला.
"आता उतरवा," म्हणाले.

तीनशे रुपये दिले, मोजून,
आणि कागदात मूठभर गूळ.
पेन ड्राइव्हला चिकट बोटं लागली माझी.

आता नवं यंत्र आलं
की मी आधी यादी उघडत नाही.
खिडकीतून खाली ओरडते:
भाऊ, पाच मिनिटं कटर बंद कर.